घोट्याचं भान

वेळापूर हे सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातलं गाव. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी इथे मुक्कामाला येते, आणि गाव टप्प्यात आलं की वारकरी उतारावरून धाव घेतात. तुकोबांना इथूनच पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा; म्हणून हा 'धावा'. याच वेळापूरने खो-खोला रामजी कश्यप दिला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असं हरवलं, महिलांनीही नेपाळलाच ७८-४० असं नमवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, आणि जगज्जेत्या पुरुष संघात वेळापूरचा रामजी.

वेळापूर, पंढरपूर तालुक्यातलं वाडीकुरोली, सोलापूर शहरातली क्रीडा मंडळं अशी या जिल्ह्यात खो-खोची ठाणी आहेत. मुलगे आणि मुली दोघंही इथे शाळेच्या वयापासून खेळतात. खेळाला साहित्य जवळजवळ काही लागत नाही. दोन खांब, फक्कीच्या रेषा आणि पाय. खेळाडूचं सगळं भांडवल पायातच असतं, आणि खेळाडूंच्या दुखापतींमध्ये घोटा मुरगळणं ही जगभर सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी एक. तरीही मैदानावर तिची दखल सगळ्यात कमी घेतली जाते. 'मुरगळलाय, दोन दिवसांत बरा होईल' एवढ्यावर विषय संपतो.

खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. मधल्या पाटीवर आठ आक्रमक आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडं करून बसलेले, नववा पाठलागावर. आक्रमकाने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत गेल्याशिवाय त्याला मागे फिरता येत नाही. मधली पाटीही त्याला ओलांडता येत नाही. संरक्षकावर यातलं काहीच बंधन नाही. तो बसलेल्यांच्या मधून नागमोडी साखळी खेळतो, हुलकावणी देतो, ऐन वेळी उलटा फिरतो. त्याला टिपायला आक्रमक सूर मारतो, खांबाला धरून वळतो, आणि पाठीवर 'खो' पडताच बसलेला गडी एका झटक्यात उठून सुटतो. या प्रत्येक हालचालीत एक क्षण असा येतो, की सगळं शरीर एकाच पायावर, तेही चवड्यावर तोललेलं असतं आणि वेग मात्र दुसऱ्याच दिशेला निघालेला असतो.

हा क्षण धोक्याचा का, ते घोट्याच्या रचनेतून कळतं. नडगीचं हाड आतल्या बाजूने आणि फिब्युला हे बारीक हाड बाहेरच्या बाजूने खाली येतं. दोन्ही मिळून एक खाच तयार होते आणि तिच्यात टॅलस नावाचं हाड पाचरीसारखं बसतं. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल नडगीकडे वर उचललेलं असलं की त्याचा रुंद भाग खाचेत येतो आणि सांधा आवळला जातो. टाच उचलून चवड्यावर आलं की अरुंद भाग खाचेत येतो, सांधा सैल होतो आणि सगळी भिस्त लिगामेंटवर, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांवर येते.

बाहेरच्या बाजूला अशा तीन पट्ट्या आहेत. त्यांतली पुढची, फिब्युलापासून टॅलसकडे जाणारी, सगळ्यात कमजोर. पाऊल आत वळून मुरगळलं की बहुतेक वेळा पहिली तीच ताणते किंवा फाटते. झटका मोठा असेल तर टाचेकडे जाणाऱ्या पट्टीचीही पाळी येते. आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट जाड आणि भक्कम असतं. शिवाय बाहेरचं हाड आतल्या हाडापेक्षा खालपर्यंत उतरलेलं असल्यामुळे पाऊल बाहेर कलंडायला अडसर होतो. म्हणून घोटे बहुधा एकाच प्रकारे मुरगळतात: तळवा आत वळतो आणि शरीराचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडतो.

अशा वेळी पाऊल सावरायचं काम नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या पेरोनियल स्नायूंचं. ते आखडले की पाऊल पुन्हा सपाट होतं. अडचण वेळेची आहे. पाऊल वाकडं पडल्यापासून साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे एका सेकंदाच्या विसाव्या भागात, लिगामेंटला इजा होऊ शकते, असा संशोधकांचा अंदाज आहे. धोक्याची वर्दी मज्जारज्जूपर्यंत जाऊन परतीचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचायलाच तेवढा किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. स्नायूत पुरतं बळ यायला त्यानंतर आणखी काही क्षण जातात. वाकडं पाऊल टेकल्यावर जागा झालेला स्नायू त्यामुळे बहुधा उशिराच पोहोचतो. निभावतो तो गडी, ज्याचे स्नायू पाऊल जमिनीला लागण्याआधीच तयारीत असतात आणि ज्याचं पाऊल हवेत असतानाच नीट कोनात आलेलं असतं.

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर हे लाखो लोकांनी पाहिलं. क्रिकेट विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना. हार्दिक पंड्याच्या गोलंदाजीवर लिटन दासने चेंडू सरळ मारला. चेंडू टाकल्यानंतरची धाव अजून थांबलेली नसताना पंड्याने तो अडवायला उजवा पाय पुढे टाकला. भार डाव्या पायावर आला, तोल गेला आणि डावा घोटा दुखावला. षटकातले तीनच चेंडू झाले होते. उरलेले तीन विराट कोहलीने टाकले. पंड्या त्या विश्वचषकात पुन्हा खेळू शकला नाही. कुणाचा धक्का नव्हता की मैदानात खड्डा नव्हता. एका पायावरचा तोल एका क्षणासाठी सुटला, एवढंच घडलं.

हा तोल शरीर तीन ठिकाणांहून आलेली माहिती जुळवून राखतं. डोळे आजूबाजूचं सांगतात, कानाच्या आतला भाग डोकं कुठे कललं ते सांगतो, आणि स्नायू, कंडरा व सांध्यांतले संवेदनाग्राहक कुठला अवयव कोणत्या कोनात आहे ते सांगतात. या तिसऱ्या संवेदनेला ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव दिलं. मराठीत तिला स्थितिभान म्हणता येईल. डोळे मिटूनही पायाचा अंगठा वर आहे की खाली हे कळतं, ते याच भानामुळे. साखळी खेळणाऱ्या संरक्षकाची नजर पाठलाग करणाऱ्यावर असते; पावलांची काळजी त्याने पूर्णपणे या भानावर सोपवलेली असते.

घोटा मुरगळला की इजा या भानालाही होते, ही गोष्ट १९६५ मध्ये ब्रिटिश अस्थिशल्यतज्ज्ञ माइकल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. सूज उतरलेली, हाड शाबूत, तरीही रुग्ण म्हणायचे की पाय मधूनच दगा देतो. एका पायावर उभं केलं तर दुखावलेल्या बाजूला त्यांचा तोल लवकर जायचा. लिगामेंटमधले मज्जातंतू फाटल्याने सांध्याकडून येणारी माहिती तुटते, असं फ्रीमन यांचं अनुमान होतं. त्यांनी अशा रुग्णांना डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम दिला आणि पाय दगा देण्याची तक्रार कमी झाली. आज जगभरच्या फिजिओथेरपी विभागांत दिसणारी बॅलन्स बोर्ड त्याच विचाराची वारसदार आहे.

नंतरच्या संशोधनाने फ्रीमन यांच्या अनुमानात महत्त्वाची भर घातली. घोटा एकच मुरगळलेला असला, तरी त्यानंतरच्या काळात तोल दोन्ही पायांवर काहीसा बिघडलेला आढळतो. म्हणजे बिघाड केवळ फाटलेल्या पट्टीत राहत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू हालचालीची जी जुळवाजुळव करतात तिच्यातही तो शिरतो. घोटा वारंवार दगा देणारे लोक तोलासाठी डोळ्यांवर जास्त विसंबतात, असंही दिसलं आहे. उभं राहताना हे खपून जातं. मैदानावर नजर प्रतिस्पर्ध्यावर खिळलेली असताना मात्र ती उसनवारी उपयोगाची नसते.

गावाकडे घोटा मुरगळला की आंबेहळद उगाळून लेप लावतात, कुणी रक्तचंदन लावतं, कुणी तेल चोळून लचक 'उतरवून' देतं. लेपाने कुणाला आराम वाटला तर हरकत नाही. ताजा मुरगळलेला, सुजलेला घोटा जोराने चोळणं आणि ओढणं मात्र टाळायला हवं, कारण आत हाड मोडलं आहे की नाही हे हाताला कळत नाही. ते ठरवण्यासाठी कॅनडातल्या ओटावा इथे इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सोपे नियम प्रसिद्ध केले. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या टोकाशी अथवा त्याच्या मागच्या कडेला हाडावर दाबून दुखतं का? पावलाच्या मध्यभागी, बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो तिथे, किंवा आतल्या बाजूच्या नॅव्हिक्युलर हाडावर दुखतं का? आणि दुखापतीनंतर लगेच, तसंच तपासणीच्या वेळी, लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का? हाडावर दाबून दुखत असेल किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. क्रीडाशिक्षकाला हे नियम माहीत असतील, तर कोणत्या मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं याचा निर्णय मैदानावरच होतो. शंका असेल तेव्हा अर्थातच डॉक्टरकडे.

खरी गफलत त्यानंतर होते. दुखणं आठ-दहा दिवसांत ओसरतं, चालताना काही जाणवत नाही आणि तालुक्याची स्पर्धा तोंडावर असते. गडी मैदानात उतरतो. पहिल्यांदा घोटा मुरगळून उपचारासाठी आलेल्या रुग्णांचा आयर्लंडमध्ये वर्षभर पाठपुरावा केला गेला, तेव्हा सुमारे ४० टक्के जणांना घोट्याच्या जुनाट अस्थिरतेने गाठलेलं दिसलं: पुन्हा पुन्हा मुरगळणं, पाय सटकल्यासारखा वाटणं, उडी मारताना भरवसा न वाटणं. घोटा मुरगळण्याच्या धोक्याची जी अनेक कारणं अभ्यासली गेली आहेत, त्यांत तो आधी मुरगळलेला असणं हे सगळ्यात ठळक कारणांपैकी आहे. वेदना आधी जाते, तोल मागाहून येतो, आणि सरावाशिवाय कित्येकदा पुरता येतच नाही. या दोन तारखांच्या मधल्या काळात खेळायला उतरणं हाच धोका.

हा धोका आधी मोजता येतो का? अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या टिमथी मॅकग्वाइन यांनी शाळकरी बास्केटबॉलपटूंना हंगामाआधी एका पायावर उभं करून त्यांचं डुलणं मोजलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१० मुलंमुली होती. सगळ्यात जास्त डुलणाऱ्या गटात घोटा मुरगळण्याचं प्रमाण कमी डुलणाऱ्यांच्या जवळपास सातपट निघालं. २००६ मध्ये फिलिप प्लिस्की यांनी दुसरी कसोटी वापरली. खेळाडूने एका पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय तोल न जाऊ देता ठरलेल्या दिशांना जमेल तितका लांब न्यायचा. पुढच्या दिशेला डाव्या-उजव्या पायांच्या पोहोचीत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्या खेळाडूंना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीचपट आढळली. पुढे वेगवेगळ्या खेळांत आणि वयोगटांत केलेल्या सगळ्याच अभ्यासांत हेच उत्तर आलं नाही, त्यामुळे या एका आकड्यावरून कुणाला संघाबाहेर ठेवणं योग्य नाही. पण कोणत्या पायावर मेहनत घ्यायची, हे ती कसोटी चांगलं सांगते.

खो-खोच्या मैदानावर ती करायला काही विकत आणावं लागत नाही. फक्कीने वाय आकाराच्या तीन रेषा आखायच्या: एक समोर, दोन मागे तिरक्या. तिन्ही रेषा मिळतात तिथे एक पाय, दुसऱ्या पायाचा अंगठा रेषेवर जिथपर्यंत अलगद टेकेल तिथे खूण, मग टेपने माप. टाच उचलली, पाय टेकून भार दिला किंवा तोल गेला तर तो प्रयत्न बाद. दोन्ही पायांची मापं वहीत तारखेसह लिहून ठेवली, की पुढे घोटा मुरगळल्यावर पाय पूर्वपदावर आला की नाही हे त्या मुलाच्याच जुन्या आकड्याशी ताडता येतं. 'आता दुखत नाही' या उत्तरापेक्षा हा पुरावा कितीतरी खात्रीचा.

आणि तोल सरावाने सुधारतो, यावर बरंच ठोस काम झालं आहे. मॅकग्वाइन यांनीच २००६ मध्ये ७६५ शाळकरी फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही संघांना हंगामाआधी चार आठवडे, आठवड्यातून पाच वेळा तोलाचे व्यायाम दिले. हंगाम सुरू झाल्यावर आठवड्यातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं. व्यायाम करणाऱ्यांपैकी ६.१ टक्के जणांचा घोटा मुरगळला, न करणाऱ्यांपैकी ९.९ टक्के जणांचा. नेदरलँड्समध्ये २००९ मध्ये घोटा नुकताच मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत घरी करायचा आठ आठवड्यांचा सराव दिला, आणि वर्षभरात पुन्हा मुरगळण्याचा धोका त्यांच्यात सुमारे ३५ टक्क्यांनी कमी राहिला. महागडी यंत्रं नव्हती, रुग्णालयात खेटे नव्हते.

घोट्याला वाचवायला नुसता घोटा पुरत नाही, हे स्टीफन करीच्या कारकिर्दीने दाखवलं. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधला हा खेळाडू उजव्या घोट्याने इतका हैराण होता, की २०११ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षी त्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि २०११-१२ च्या हंगामात तो फक्त २६ सामने खेळू शकला. त्यानंतर गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या प्रशिक्षकांनी त्याच्या नितंबांचे आणि कमरेचे स्नायू बळकट करण्यावर भर दिला. दिशा बदलताना वेगाला आवर घालायचं काम मोठ्या स्नायूंनी उचललं की घोट्यावरचा बोजा कमी होतो, हा त्यामागचा विचार. २०१५ आणि २०१६ मध्ये तोच करी एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दोरीने आवळायच्या घोट्याच्या पट्ट्यांचाही, म्हणजे ब्रेसचाही, उपयोग होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,४६० शाळकरी बास्केटबॉलपटूंच्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या गटात घोट्याच्या ताज्या दुखापती सुमारे एक तृतीयांशावर आल्या. झालेली दुखापत मात्र त्यामुळे सौम्य होत नाही. एकदा घोटा दुखावलेल्या गड्याने सराव चालू ठेवून काही महिने ब्रेस वापरणं शहाणपणाचं. खो-खोत हा प्रश्न नव्याने विचारात घ्यायला हवा. मातीवर अनवाणी खेळताना पाऊल थोडं घसरतं आणि झटक्याचा काही भाग त्या घसरण्यात विरून जातो. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, पायात बूट असतात, पकड घट्ट असते. जिल्ह्याच्या मातीत घडलेल्या मुलाला राज्य स्पर्धेच्या मॅटवर थेट उतरवणं म्हणजे त्याच्या घोट्यापुढे अनोळखी गणित ठेवणं. स्पर्धेआधी मॅटवर सरावाचे काही दिवस मिळवून देणं हे प्रशिक्षकांच्या आणि संघटनांच्या हातात आहे, आणि ते व्हायलाच हवं.

मंडळाच्या रोजच्या सरावात यासाठी दहा मिनिटं काढणं अवघड नाही. पहिल्या आठवड्यांत एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. ते जमलं की एका पायावरच, पण डोळे उघडे ठेवून, जोडीदाराकडे चेंडू फेकणं आणि झेलणं, म्हणजे लक्ष पायावरून निघून दुसरीकडे जातं. पुढे एका पायावर छोट्या उड्या: समोर, बाजूला, तिरक्या, आणि प्रत्येक उडीनंतर दोन सेकंद निश्चल. शेवटी खेळातल्याच हालचाली: अर्ध्या वेगाने साखळी, मग हुलकावणी, मग शिट्टीवर अचानक दिशाबदल, सगळ्यात शेवटी खांबावरचं वळण आणि सूर. दुखापतीतून परतणाऱ्याने याच क्रमाने वर चढायचं आणि ज्या पायरीवर घोटा डगमगेल तिथेच थांबायचं. डोळे मिटून करायचे व्यायाम भिंतीजवळ किंवा जोडीदाराच्या आधाराने करावेत.

एक सावधगिरी मात्र हवी. नेदरलँड्समधल्या ११६ व्हॉलीबॉल संघांवरचा एव्हर्ट व्हरहागेन यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅलन्स बोर्डवर सराव करणाऱ्या संघांत घोटे मुरगळण्याचं प्रमाण घटलं, आणि ते प्रामुख्याने आधी मुरगळलेल्यांमध्येच. त्याच संघांत ज्यांचे गुडघे पूर्वी दुखावलेले होते, त्यांच्या गुडघ्यांच्या अतिवापराच्या तक्रारी मात्र वाढल्या. म्हणून वहीत घोट्याच्या मापांशेजारी प्रत्येक मुलाच्या गुडघ्याचा इतिहासही लिहिलेला असावा, आणि ज्याचा गुडघा कुरकुरतो त्याचा सराव फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावा. सतत वाकून बसणं आणि त्याच बैठकीतून उसळून उठणं हा खो-खोचा पायाच असल्यामुळे या खेळात गुडघ्यावर काय गुजरतं, ते पुढच्या प्रकरणात.